अंडाशयांचा निर्णय वेगळा, स्तनांचा वेगळा

पत्राचा सारांश: गोव्याच्या फोंडा तालुक्यातील ३६ वर्षांच्या एका शिक्षिकेने नाव-गाव न छापण्याच्या अटीवर लिहिले आहे. त्यांची आई ४९व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. सख्ख्या मावशीला ४३व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मुंबईत उपचार होऊन त्या आज बऱ्या आहेत. मावशींच्या रक्तचाचणीत बीआरसीए-१ या जनुकातील दोष आढळला, म्हणून या भगिनींनीही चाचणी करून घेतली आणि तोच दोष त्यांच्यातही निघाला. डॉक्टरांनी दोन्ही स्तन आणि दोन्ही अंडाशये काढण्याचा विचार करण्यास सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, निरोगी अंगाला सुरी कशाला लावायची, आधी देवीला कौल लावू. यजमान म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. वडिलांचा आग्रह असा की २८ वर्षांच्या धाकट्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत ही गोष्ट कोणालाही, अगदी बहिणीलाही, कळू नये. वास्कोला राहणाऱ्या भावाचा या 'बायकांच्या आजाराशी' संबंध नाही असे समजून त्यालाही काही सांगितलेले नाही. पदरी आठ वर्षांची मुलगी आहे. 'ऑपरेशन केले तर मी भित्री ठरेन आणि नाही केले तर मूर्ख. तुम्हीच सांगा, करू की नको?' असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

ऑपरेशन करावे की करू नये, हा एकच प्रश्न तुमच्या घरात फिरतो आहे. डॉक्टर त्याला हो म्हणतात, सासूबाई नाही म्हणतात आणि यजमान तो तुमच्यावर सोडून मोकळे होतात. मला मात्र तुमच्यासमोर निदान तीन निर्णय दिसतात: अंडाशयांचा, स्तनांचा आणि नातेवाइकांना सांगण्याचा. या तिन्हींची घाई सारखी नाही, त्यांना असलेले पर्याय सारखे नाहीत आणि त्यांसाठी मोजावी लागणारी किंमतही सारखी नाही. सगळे एकाच गाठोड्यात बांधले गेल्यामुळे ते उचलवत नाही, इतकेच. भित्रेपणाचा आणि मूर्खपणाचा येथे काही संबंध नाही.

आधी अहवालाविषयी. 'कॅन्सर माझ्या अंगात आहे हे आता सिद्ध झाले' असे तुम्ही लिहिले आहे; तसे सिद्ध झालेले नाही. बीआरसीए-१ हे जनुक प्रत्येक माणसाच्या पेशींत असते. सतराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९४ मध्ये नेमके ओळखले गेले आणि पेशीतील डीएनएला झालेली इजा दुरुस्त करणे हे त्याचे काम आहे. त्याची एक प्रत आईकडून येते, दुसरी वडिलांकडून. तुमची एक प्रत जन्मापासून नादुरुस्त आहे, दुसरी आपले काम करते आहे. पुढे कधी एखाद्या पेशीतील ही दुसरी प्रतही बिघडली, तर त्या पेशीत चुका साठत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते. तुम्हाला वारशाने आला आहे तो धोका.

हा धोका मोठा आहे आणि तो सौम्य करून सांगण्यात तुमचे हित नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार वाहक (म्हणजे असा जनुकीय दोष अंगात असलेल्या) व्यक्तींच्या, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांच्या अभ्यासात बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा ७२ आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा ४४ आढळली. सर्वसाधारण स्त्रीच्या बाबतीत अंडाशयाचा हाच धोका शेकडा एकाच्या आसपास असतो. मात्र हे आकडे ८० वर्षांपर्यंतचे आहेत, पुढच्या वर्षाचे नाहीत. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना असे विचारा की, येत्या पाच वर्षांत आणि दहा वर्षांत माझा धोका किती, आणि तो स्तनांचा किती व अंडाशयांचा किती. या वेगवेगळ्या आकड्यांवरूनच तुमचे वेळापत्रक ठरणार आहे.

अंडाशयांचा निर्णय मी पहिला मांडतो, कारण या तिन्हींत मुदत आहे ती त्यालाच. अंडाशयाचा कर्करोग वेळीच पकडणारी भरवशाची नियमित तपासणी आज उपलब्ध नाही. सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी दरवर्षी केली की झाले, अशी अनेकांची समजूत असते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक, सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रियांवर झालेल्या दीर्घ चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आला आणि अशा तपासण्यांमुळे या रोगाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. तुमच्यासारख्या जास्त धोक्याच्या स्त्रियांमध्येही या तपासण्यांवर विसंबून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. तुमच्या आईंचा आजार पोटात पाणी भरल्यावरच कळला, असे तुम्ही लिहिले आहे. बहुतेक घरांत तो असाच उशिरा कळतो, कारण सुरुवातीला पोट फुगणे, लवकर पोट भरल्यासारखे वाटणे, वारंवार लघवीला जावे लागणे यापलीकडे फारसे काही होत नाही आणि या तक्रारींना आपल्याकडे पित्त म्हणून सोडून दिले जाते.

त्यामुळे बीआरसीए-१ वाहक स्त्रियांना, मुले होऊन गेली असल्यास, साधारण ३५ ते ४० या वयात दोन्ही अंडाशये आणि बीजवाहक नलिका काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक घटतो. पोटाच्या आतल्या आवरणात तसाच कर्करोग होण्याची थोडी शक्यता तरीही उरते, हेही माहीत असू द्या. माझे मत विचाराल तर, तुमच्या संपूर्ण पत्रात ज्याला दुसरा तितका चांगला पर्याय नाही असा हा एकच उपाय आहे.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण तो अनेक घरांत आहे. आपल्याकडे बायका 'पिशवी काढली' असे सांगतात तेव्हा गर्भाशय काढलेले असते. अंडाशये काढली की ठेवली, हे अनेकदा त्यांनाही ठाऊक नसते. नुसते गर्भाशय काढून तुमचा हा धोका टळत नाही. काढायच्या आहेत त्या अंडाशये आणि नलिका, कारण अशा कर्करोगांपैकी बरेच नलिकेच्या टोकाशी सुरू होतात असे आता दिसून आले आहे. गर्भाशय बरोबर काढायचे की नाही, हा वेगळा प्रश्न डॉक्टरांशी बोलून ठरवावा. शस्त्रक्रियेनंतर नलिकांचे बारीक काप करून संपूर्ण तपासणी व्हावी, असे शल्यविशारदाला आधीच सांगा आणि बीआरसीए-१ चा उल्लेख पॅथॉलॉजीच्या कागदावर असल्याची खात्री करा. लक्षणे नसलेल्या काही स्त्रियांत अगदी प्रारंभीचा कर्करोग याच तपासणीत सापडतो.

आता तुमच्या पत्रातले अर्धे वाक्य. 'दुसऱ्या मुलाचा विचार होता, पण आता ते राहिलेच' असे लिहून तुम्ही पुढे गेला आहात. ते का राहिले? ३६ व्या वर्षी तुम्हाला थोडा अवकाश आहे. दुसरे मूल हवे असेल तर आधी ते होऊ द्या, बाळाला अंगावर पाजा आणि मग चाळिशीच्या आत शस्त्रक्रिया करा, असा क्रम लावता येतो. फक्त मूल होऊ देण्याआधी स्तनांची तपासणी पूर्ण करून घ्या आणि बेत डॉक्टरांना सांगा. दुसरे मूल नकोच असेल तर मात्र ३९ वर्षांची होईपर्यंत थांबण्याला काही अर्थ नाही. म्हणून तुम्ही उभयतांनी प्रथम बसून ठरवायचे ते हे. तुमच्या घरात या विषयावर बोलणे झालेलेच दिसत नाही.

या शस्त्रक्रियेची किंमतही सांगतो. अंडाशये काढली की रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एकदम येते. अंगातून गरम वाफा जाणे, झोप मोडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा, शरीरसंबंधाची इच्छा कमी होणे, मन उदास होणे हे लगेच जाणवू शकते आणि हाडे व हृदय यांवर पुढे परिणाम होतात. ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला नाही अशा स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरके बाहेरून देण्याचा विचार केला जातो. गर्भाशय शिल्लक असेल तर औषधांची निवड बदलते. हे बोलणे शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवे. अनेक ठिकाणी ते होत नाही आणि टाके काढायला आलेल्या बाईला 'हे असे होणारच' इतकेच ऐकवले जाते. हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची, तेही विचारून ठेवा. शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. मे महिन्याच्या सुट्टीत ती बसवली तर शाळेत कोणाला कारण सांगत बसावे लागणार नाही.

स्तनांच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे, कारण तेथे दोन रस्ते खरोखरच खुले आहेत. एक म्हणजे कडक देखरेख: तुमच्या वयात दरवर्षी एमआरआय आणि दरवर्षी मॅमोग्राफी. अनेक डॉक्टर या दोहोंत सहा महिन्यांचे अंतर ठेवतात, म्हणजे वर्षातून दोनदा तपासणी होते. तरुण स्त्रीचे स्तन घट्ट असल्यामुळे एकट्या मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून एमआरआयचे महत्त्व. तो पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांच्या दरम्यान करावा आणि शिरेतून औषध देऊन करावा लागतो. आपल्याकडील आरोग्य केंद्रांत होणारी स्तनतपासणी सर्वसाधारण स्त्रियांसाठी चांगली आहे, पण तुमच्यासाठी ती पुरेशी नाही. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही स्तन काढणे. त्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो.

देखरेखीने कर्करोग टळत नाही. तो लवकर सापडतो. बीआरसीए-१ मध्ये होणारे स्तनाचे कर्करोग अनेकदा संप्रेरकांना न जुमानणारे आणि वेगाने वाढणारे असतात, त्यामुळे लहान असताना सापडला तरी केमोथेरपी घ्यावी लागू शकते. टॅमॉक्सिफेनसारख्या प्रतिबंधक गोळ्यांचा उपयोगही याच कारणाने बीआरसीए-१ मध्ये मर्यादित मानला जातो. शिवाय एमआरआयमध्ये काही तरी संशयास्पद दिसणे, मग सुई टोचून तपासणी आणि शेवटी काही नसणे, हा जीव टांगणीला लावणारा प्रकार अधूनमधून होतच राहील. काही स्त्रिया हे वर्षानुवर्षे शांतपणे सहन करतात. काहींना प्रत्येक तपासणीपूर्वी महिनाभर झोप लागत नाही. तुम्ही कोणत्या प्रकारच्या आहात हे डॉक्टरांना कळणार नाही, ते एक-दोन तपासण्यांनंतर तुम्हालाच कळेल. नेमक्या याच कारणाने मी म्हणेन की स्तनांचा निर्णय आज करू नका. देखरेख या महिन्यात सुरू करा आणि वर्षभराने पुन्हा विचार करा. शस्त्रक्रियेकडे कल झाला तर स्तनांची पुनर्रचना लगेच करायची की नंतर, स्पर्शाची संवेदना किती उरेल, हे प्लास्टिक सर्जनला भेटून विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका.

या विषयावर बोलणे निघाले की हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोली यांचे उदाहरण दिले जाते आणि तुमच्या मैत्रिणीनेही ते दिले आहे. त्यांनी स्तनांची शस्त्रक्रिया २०१३ मध्ये जाहीर केली आणि अंडाशयांची २०१५ मध्ये. त्यांनीही दोन्ही एकदम केले नाही, इतके त्यातून घ्यावे. त्यांच्याजवळ असलेले डॉक्टर, पैसा आणि घरकामाला असलेली माणसे आपल्याजवळ नसतात.

सासूबाईंचे म्हणणे मला तुम्हाला वाटते तितके अडाणी वाटत नाही. निरोगी अवयव काढण्याआधी माणसाने दहा वेळा विचार करावा, हे वैद्यकशास्त्रही मानते. कौलाबद्दलही माझी तक्रार नाही. गोव्यात घर बांधण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत देवाला विचारण्याची रीत आहे आणि त्याने मनाला धीर येतो. अडचण एवढीच की प्रसादाची पाकळी उजवी किंवा डावी पडते, आणि तुमचा प्रश्न हो किंवा नाही अशा स्वरूपाचा नाही. तज्ज्ञांशी बोलून, उभयतांचा विचार पक्का करून मग देवीसमोर जा आणि हे कार्य निर्विघ्न पार पडू दे, असे गाऱ्हाणे घाला. सासूबाईंना त्यात सामील करून घेतलेत तर शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत नात सांभाळायला त्याच उभ्या राहतील.

राहिला वडिलांचा आग्रह, आणि येथे मी तुमच्या वडिलांशी स्पष्टपणे असहमत आहे. ही गोष्ट गावात कळू नये, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. ती बहिणीला कळू नये, हे मात्र नाही. बहिणीत हाच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे आणि वाहक स्त्रियांना स्तनांचा एमआरआय वयाच्या पंचविशीपासून सुचवला जातो. म्हणजे लग्न जमेपर्यंत थांबण्याची किंमत ती आजच मोजते आहे, तिला न विचारता. आणि चाचणी नकारात्मक आली तर? घरातला नेमका दोष माहीत असल्यामुळे तसा निकाल तिला सर्वसाधारण स्त्रीच्या पातळीवर आणून ठेवेल आणि वडिलांची काळजीच मिटेल. चाचणी करायची की नाही हा तिचा अधिकार आहे. कदाचित तिला आत्ता काहीच जाणून घ्यायचे नसेल. पण जाणून घेण्यासारखे काही आहे, हे तिला सांगणे तुमचे काम आहे. स्थळांना काय सांगायचे, हे तिने ठरवावे. माझे मत असे की पत्रिका जुळवताना सांगण्याची ही बाब नव्हे, परंतु लग्नाच्या नोंदणीसाठी निबंधकासमोर सह्या होण्यापूर्वी होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतः सांगावी. जो हे ऐकून मागे फिरेल, तो नंतर ऐकूनही फिरलाच असता.

भावाविषयीचा समज तर सरळ चुकीचा आहे. आईकडून हा दोष मुलाला जाण्याची शक्यता मुलीइतकीच, म्हणजे निम्मी असते. पुरुषांना त्यातून होणारा धोका कमी असला तरी तो शून्य नाही, आणि भाऊ वाहक असेल तर त्याच्या दोन्ही मुलींना तो मिळू शकतो. हीच गोष्ट मामांची. दोष आजीकडून आला असेल किंवा आजोबांकडून, मामांना आणि त्यांच्या मुलांना तो मिळालेला असू शकतो. आपल्याकडे देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांची, नोंद बापाकडून मुलाकडे जाते आणि तीच वंशावळ आपण घराण्याची म्हणून लक्षात ठेवतो. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि मावश्या कशाने गेल्या, हे तिसऱ्या पिढीला माहीत नसते. मावशींजवळ बसून दोन्ही बाजूंची नावे, आजार आणि आजार कळला तेव्हाचे वय लिहून काढा. 'पोटात पाणी होऊन गेली' अशी नोंद निघाली तर ती खुणेने वेगळी ठेवा. नातेवाइकांना समोरासमोर सांगणे जड जात असेल तर जनुकीय समुपदेशकाकडून त्यांच्यासाठी एक साधे पत्र लिहून घेता येते.

यजमानांचे 'तुला योग्य वाटेल ते कर' हे वाक्य उदार वाटते, पण त्यात तुम्ही एकट्या पडता. त्यांना निर्णय मागू नका, काम सांगा. पुढच्या भेटीला सोबत या आणि खर्च, रजा आणि शरीरसंबंध या तीन गोष्टींवरचे प्रश्न तुम्ही विचारा, असे त्यांना म्हणा.

सुरुवात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून करता येईल. जनुकीय समुपदेशनासाठी मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जेथे मावशींचे जुने कागद असतील तर उत्तमच, किंवा त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात एकदा जाऊन यावे. गोव्याहून मुंबई गाठणे जड असले तरी हा सल्ला आयुष्यभर उपयोगी पडणारा आहे. देखरेख मात्र गोव्यातच होईल असे बघा, दरवर्षीच्या तपासणीसाठी मुंबई गाठायची म्हटले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती राहून जाते. एमआरआय जेथे कराल तेथे स्तनांसाठीची स्वतंत्र कॉइल (यंत्राचा स्तनांभोवती बसणारा भाग) आहे का आणि असे अहवाल नियमित वाचणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का, हे आधी फोनवर विचारा. भाऊ-बहिणींच्या चाचणीसाठी तुमच्या अहवालाची प्रत न्या, कारण त्यात दोषाचे नेमके नाव असते. केवळ तेवढाच दोष तपासणे स्वस्त पडते आणि अर्थ न लागणारे निकाल हाती येत नाहीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत किंवा तुमच्या विम्यात प्रतिबंधक शस्त्रक्रिया बसते की नाही, हे दाखल होण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. नवीन विमा काढताना प्रस्तावात विचारलेले लपवू नका. पुढे दावा अडतो तो तेथेच.

मुलीची चाचणी आत्ता करून घ्यावी का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. करू नये. हे कर्करोग बालपणी होत नाहीत, चाचणी करून आज तिच्यासाठी काही बदलणार नाही आणि स्वतःविषयी हे जाणून घ्यायचे की नाही हे सज्ञान झाल्यावर तिने ठरवायचे आहे. तोपर्यंत तुमचा अहवाल, मावशींचा अहवाल, आईंच्या पॅथॉलॉजीचे कागद आणि तुम्ही लिहून काढलेली ती वंशावळ एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कोठे आहे हे यजमानांनाही सांगून ठेवा.